बाईंनी शिवलेला कोट

दि. ४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र स्वयंपाकघराचं दार लावून वाच. भावोजी घरात असतील तर वाचूच नकोस. माणूस सोन्यासारखा आहे, पण तोंडात तीळ भिजत नाही. तुझ्या बढतीची बातमी तुझ्याआधी न्हाव्याला कळली होती, विसरलीस का?

तर ऐक. मला दुसरी नोकरी लागली आहे. बंदराच्या गावातल्या नाटकघरात, कपडेपटावर. लहानपणी बाबा आपल्याला तिथे घेऊन गेले होते, त्या चढाच्या पायऱ्यांवर तू बसकण मारलीस आणि मी तुला हसले, तेच गाव. माझं स्वतंत्र टेबल असेल. प्रयोग चालू असताना मात्र काळ्या कपड्यांत विंगेच्या अंधारात उभं राहून नटांच्या अंगावरच टाके घालायचे. कापड मी कापणार, काय शिवायचं ते मी ठरवणार. नऊ वर्षं इथे दुसऱ्यांनी कापलेल्या कोटांना अस्तरं लावली, आता पुरे झालं.

पण हे तुझ्याशिवाय कोणालाही कळता कामा नये. तू हसशील, तरी कारण सांगते. आमच्या शिवणघरात वरच्या मजल्यावर एक लांब खोली आहे. कामाला लागणाऱ्या प्रत्येकाचं माप घेऊन आमच्या मालकीणबाई त्याच्या अंगाएवढा एक पुतळा करवून घेतात. डोकं नाही, हात नाहीत, नुसता खांद्यापासून मांडीपर्यंत. आम्ही त्यांना धडं म्हणतो. गिऱ्हाइकाचं माप आमच्यापैकी कोणाशी तरी जुळतंच, मग त्या धडावर कपडा चढवून बघायचा, अशी इथली रीत. आमच्याच टेबलाखालची कात्रणं त्यात भरलेली असतात. सगळी धडं भिंतीकडे तोंड करून उभी असतात, म्हणजे तोंड नाहीच, पण छाती भिंतीकडे.

नोकरी सोडून कोणी गेली, की बाई तिचं धड स्वतःच्या हाताने फिरवतात. ती ज्या दिशेला गेली त्या दिशेला. भरतकामवाली भावाच्या गावी दुकान काढायला गेली, सगळ्यांना सांगून सवरून, पत्ता वाटून. एक हिवाळा गेला आणि परत आली. अंगात नवा कोट, शिवण अशी सुरेख की मी हात लावून पाहिला. का आलीस विचारलं तर म्हणाली, मन लागलं नाही. आधी ही बाई दिवसभर शीळ घालायची, डोकं उठवायची. आता तिचा आवाजच नाही. मग काजं करणारी गेली. तिने फक्त दरवानाला सांगितलं होतं. तीही आली, तिच्याही अंगात तसाच चांगला कोट.

फक्त म्हातारे कटरमास्तर गेले ते परत आले नाहीत. कुठे चाललात विचारलं तर म्हणाले होते, बाहेर. त्यांचं धड अजून भिंतीकडेच आहे, त्यावर धूळ बसली आहे. मलाही ती धूळ हवी आहे, ताई. म्हणून तुझ्या पोटात ठेव.

तुझा लोभ आहेच, त्याला आता कुलूपही लाव.

तुझी,
भिंगरी


दि. ११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दार लावून वाचलं. तुझ्या भावोजींनी बाहेरून विचारलं की आत काय शिजतंय, मी म्हटलं तुमचं डोकं. तेवढ्यावर पेपर उघडून बसले बिचारे.

नोकरीचं वाचून डोळे भरून आले. आई गेली तेव्हा तू माझ्या ओढणीच्या चिंध्या करून बाहुलीला झगे शिवायचीस, आणि मी तुला धपाटे घालायची. बरं झालं तू ऐकलं नाहीस. मात्र त्या धडांचं काही मला सांगू नकोस. मी रोज दवाखान्यात खरी माणसं हाताळते, चिंध्यांच्या बाहुल्यांना भीत नाही. परगावी मन न लागून माणसं परत येतात, त्यात नवल ते काय? मला काळजी आहे ती तुझ्या छातीची. त्या गावचा वारा खारा आणि बोचरा. तुझा खोकला एकदा बसला की उठत नाही.

बाकी गुपिताचं म्हणशील तर निर्धास्त राहा. लहानपणी आपण पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने लिहायचो, उजेडात तिरपा धरल्याशिवाय बाबांनाही दिसायचं नाही, तेव्हापासून आपली चोरी कधी पकडली गेलेली नाही. शिवाय नर्सच्या पोटातली गोष्ट बाहेर पडायला लागली तर अर्ध्या गावाचे संसार मोडतील.

राजीनामा दोन ओळींचा लिही. कारण घरगुती म्हण. हातातली कामं पुरी करून दे, कोणाचं मन दुखवू नकोस, आणि शेवटच्या दिवशी आनंदाच्या भरात बडबडू नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण या वेळी खुशाल लपव.

तू शिवलेला माझा दवाखान्याचा झगा अजून अंगावर नीट बसतो. मोठी डॉक्टरीण विचारत होती कोणी शिवला. मी नाव सांगितलं नाही, बघ किती सावध झाले.

तब्येतीला जप. मनातून तुझ्याजवळच आहे.

तुझी,
ताई


दि. २७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राजीनामा दिला. बाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, बरं. कुठे, का, किती पगार, काही नाही. मला म्हणाल्या वर चल.

वर नेऊन त्यांनी माझं माप नव्याने घेतलं. नऊ वर्षांत खांदे थोडे पुढे आलेत म्हणाल्या. त्यांची बोटं इतकी गार की मानेवर पडली तशी मी दचकले. मग माझ्या धडाजवळ उभ्या राहून विचारलं, हिचं तोंड कुठल्या बाजूला करू? मी तुझा सल्ला आठवून म्हटलं, अजून काही ठरलं नाही, भिंतीकडेच राहू दे. त्या हसल्या. भिंत तर भिंत, म्हणाल्या. आपण जिंकलो, ताई.

बाकीचे मात्र पिच्छा सोडत नाहीत. दरवान म्हणतो लग्न करतेयस ना. हिशेबनीस म्हणतो परदेशी चाललीस. मी दोघांनाही हो म्हणून सांगितलं, आता ते आपापसात भांडतायत. भरतकामवालीने मात्र विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली आणि तिच्या कोटाची बाही माझ्यापुढे धरून राहिली. मी म्हटलं, छान आहे गं शिवण. ती तशीच धरून बसली. परत म्हटलं, सुरेख आहे. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि उठून गेली. कौतुकाची भुकेली असावी. मला उगाच वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात निघते. सामान म्हणजे एक पेटी आणि माझी कात्री. पोचले की लिहीन, तोवर तूही लिहू नकोस.

मायेची ऊब तेवढी तुझ्याकडची घेऊन निघते.

तुझी,
भिंगरी


दि. २९ सप्टेंबर

सौ. ताईसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपली भेट नाही. आपल्या बहिणीने कामाला लागताना, आजारपणात कळवायला असावा म्हणून आपला पत्ता दिला होता. त्यावर लिहिण्याचं धाडस करते आहे.

आपली बहीण आम्हाला सोडून जाते आहे. गुणी मुलगी, हाताला वळण आहे. ती कुठे जाते हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही. आपल्यालाही विचारत नाही. जाणाऱ्या माणसाचं गुपित त्याच्यापाशी असावं, हे मी मानते.

आमच्याकडे एक जुनी चाल आहे. जाणाऱ्या मुलीला मी स्वतःच्या हाताने एक कोट शिवून देते. तिचं माप आहे. पण कोट नुसत्या मापावर बसत नाही, तो कुठल्या हवेत आणि कुठल्या कामात वापरायचा त्यावर बसतो. अस्तर किती जाड घालू, बटणं कसली लावू, रंग कोणता, खिसे कुठे, घेर किती, एवढं आपण कळवलंत तर माझी मेहनत फुकट जाणार नाही. तिचा खोकला मी नऊ हिवाळे ऐकला आहे, म्हणून अधिक काळजी वाटते.

तिला यातलं काही कळू देऊ नये ही विनंती. अचानक मिळालेल्या वस्तूचा आनंद वेगळा असतो.

आपल्या घरावरचा माझा लोभ वाढतच जावो.

आपली,
शिवणघराची बाई


दि. ५ ऑक्टोबर

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून मन भरून आलं. आई नसलेल्या पोरीची परक्या ठिकाणी एवढी काळजी कोणी केली असेल असं मला वाटलं नव्हतं. ठिकाण आपण विचारलं नाहीत, हा आपला मोठेपणा. मीही सांगणार नाही, क्षमा असावी.

कोटाचं मात्र सांगते. अस्तर चांगलं जाड हवं, कॉलर कानापर्यंत वर करता यावी, कारण वारा सतत असतो. बटणं लाकडाची लावा, धातूची त्या हवेत गंजतात. मागचा काप उंचापर्यंत ठेवा, दिवसातून कितीदा तरी पायऱ्या चढायच्या आहेत. रंग काळा, कामावर काळ्याशिवाय दुसरं काही अंगात चालत नाही. छातीवर टाचण्यांसाठी एक कप्पा असला तर बरं, कारण तिला उभ्याउभ्या, मिणमिणत्या उजेडात, दुसऱ्याच्या अंगावरच टाके घालावे लागतील.

मला शिवणातलं काही कळत नाही, सुईत दोरा ओवायलाही शेजारणीला हाक मारते. तेव्हा वेडंवाकडं लिहिलं असेल तर सांभाळून घ्या. तिला मी एका शब्दाने सांगणार नाही. गुपित ठेवण्यात आमचं घर पटाईत आहे.

आपल्यासारखी माणसं तिला पुढेही भेटोत.

आपली,
एक आभारी बहीण


दि. २ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले, रुळले, आणि वजनही वाढवलं. इथे सगळा आनंदीआनंद आहे. राजाचा झगा आणि भिकाऱ्याच्या चिंध्या एकाच खुंटीवर टांगलेल्या असतात. आमचा राजा पहिल्या अंकापेक्षा तिसऱ्या अंकात जाड होतो, मधे काय खातो देव जाणे, मी विंगेत उभी राहून अंधारात त्याची शिवण सैल करते. परवा व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या जाहिरातीवर कपड्यांसाठी माझं नाव छापायचं. मी म्हटलं, अजून नको, थोडे महिने जाऊ देत. त्यांना वाटलं मी लाजते.

आता मुद्द्यावर येते. काल कामावरून आले तर खोलीत खुंटीला एक काळा कोट लटकत होता. घरमालकीण म्हणते कोणी आलं नाही, टपालवाला नाही, खोलीला कुलूप होतं. चिठ्ठी नाही. पण शिवण मी ओळखते. बाईंच्या हाताची आहे.

ताई, लाकडी बटणं आहेत. इथल्या हवेत धातू गंजतो हे त्यांना कसं कळलं? कॉलर कानापर्यंत येते. छातीवर टाचण्यांचा कप्पा आहे, असा कप्पा नाटकघराबाहेर कोणाला लागत नाही. मी त्यांना काही बोलले नव्हते, तू तर बोलणारच नाहीस. मग कोण?

आता मला भरतकामवालीची बाही कळली. ती मला शिवण दाखवत नव्हती.

मी तो खिडकीकडे तोंड करून टांगला. सकाळी उठले तर त्याची छाती दाराकडे होती, ज्या वाटेने मी आले त्या बाजूला. वाऱ्याने फिरला असेल, पण खिडकी बंद होती. मी तो घालणार नाही. मात्र खोकला बसला आहे, खोली गार आहे आणि माझी शाल अजून ओली आहे. तो तिथे लटकतो तेव्हा शेजारी कोणी शेकोटी पेटवून बसल्यासारखी ऊब येते. वेडं मन आहे, दुसरं काय.

कोणी सांगितलं ते शोधून कळव. भावोजींना रागावू नकोस, त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

तुझा हात पाठीवर असू दे. या वेळी खरंच हवा आहे.

तुझी,
भिंगरी


दि. ६ नोव्हेंबर

माझ्या भिंगरे,
आशीर्वाद कसले देऊ, तुझ्या पाया पडते.

मी सांगितलं. गावाचं नाव नाही, नाटकघराचं नाही, पण बाकी सगळं मीच सांगितलं. त्यांनी मला लिहिलं होतं की निरोपाचा कोट शिवायचा आहे, पत्ता नको, फक्त अस्तर आणि बटणं कशी हवीत ते कळवा. मला वाटलं तुझी छाती सांभाळली जाईल. मी वारा सांगितला, पायऱ्या सांगितल्या, काळा रंग सांगितला. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई ती, आणि मी तिच्यापुढे अख्खं पातेलं ओतलं. वर तुला सांगू नका म्हणाल्या, तर तुझ्यापासूनही लपवलं. गुपित ठेवते म्हणून मिरवत होते मेली मी.

धडांना मी हसले होते. आता हसत नाही. तुझ्या भावोजींना सगळं सांगितलं, ते उठून माझी पिशवी भरायला लागले.

तो कोट अंगात घालू नकोस. कितीही थंडी वाजली तरी नको. कात्री घे आणि उसव, टाका न् टाका उसव, अस्तर वेगळं कर, बटणं समुद्रात फेक. अंगावर नाटकातल्या राजाचा झगा घे, पण तो नको. दवाखान्यात बदली कामाला माणूस मिळाला की मी निघतेच. तोवर रोज एक ओळ लिही, मग त्यात शिव्या असल्या तरी चालतील.

मला पदरात घे. दुसरं काही मागत नाही.

तुझी,
ताई


दि. १९ नोव्हेंबर

तीर्थरूप ताई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपलं पत्र मला तिकडेच मिळालं होतं, आता शिवणघरातून लिहिते आहे. बंदराच्या गावी जाण्याची तसदी घेऊ नये. मी पूर्वीच्या जागी कामावर परत आले आहे. तिकडे मन लागलं नाही.

आपण लिहिल्याप्रमाणे कोट उसवायला घेतला होता. कात्री काढली, कोट मांडीवर घेतला, आणि शिवण इतकी सुरेख की हात धजेना. थंडी होती. मांडीवरचा अंगावर घेतला, एवढंच. पुढे चालत आले की गाडीने, ते आठवत नाही. पाय दुखत नव्हते. कोट चांगला बसला आहे. कुठे ओढत नाही, कुठे सैल नाही.

बाई प्रेमळ आहेत. रागावल्या नाहीत. माझं धड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. माझं टेबल भरतकामवालीच्या शेजारी आहे. आम्ही दोघी बोलत नाही, काम चांगलं होतं.

बाईंनी आपली आठवण काढली. ज्या बहिणीला एवढी काळजी, तिलाही एक कोट हवा, असं म्हणाल्या. आपला झगा मीच शिवलेला असल्याने आपली मापं मला पाठ आहेत. ती मी सांगितली. आपलं धड मीच भरते आहे, माझ्या टेबलाखालच्या कात्रणांनी. आपण याच घरी असाल ना, ते कळवावं, म्हणजे तोंड त्या बाजूला करता येईल. दवाखान्यात दिवसपाळी असते की रात्रपाळी, तेही कळवावं. अस्तर त्यावर ठरेल.

हे पत्र बाईंनी वाचलं आहे आणि ठीक आहे म्हणाल्या. वाचून झाल्यावर उजेडात तिरपं धरून मग घडी घालावी, म्हणजे कागदाला चुणी पडत नाही.

कृपालोभ आहे तसा ठेवावा.

आपली,
धाकटी बहीण


(मागच्या बाजूला, पांढऱ्या खडूने)

ताई, अंगातला कोट इस्त्रीसाठी रोज क्षणभर काढायला मिळतो, तेवढ्यातच मी माझी असते. अशाच वेळी मापं सांगितली, सगळी चुकीची. खांदा दोन बोटं कमी, छाती ढगळ, पाठ आखूड. नऊ वर्षांत पहिल्यांदा वाईट काम केलं, आणि मुद्दाम केलं. माप चुकलं की कोट बसत नाही, आणि बसला नाही की नेत नाही.

पण घर त्यांना ठाऊक आहे. आजच सोडा. मला न्यायला येऊ नकोस, मी कोट घालून दार उघडीन आणि तुला आत घेईन. भावोजींना सांग, आता एकदाच तोंडात तीळ भिजू दे.

कुठे जाल ते कोणालाही सांगू नकोस. मलाही नको.

भिंगरी